बाटलीत मावणारी नदी

पुण्यात नदीविषयीच्या सादरीकरणांना मी इतक्यांदा जाऊन बसलोय की त्यांचा क्रम आता मला पाठ झालाय. आधी दिवे मंद होतात. मग पडद्यावर लंडनची थेम्स येते, तिच्यापाठोपाठ अहमदाबादची साबरमती. दोन्हींच्या काठाने तरुण जोडपी सायकली चालवत असतात आणि एकाच्याही कपाळावर घाम नसतो. त्यानंतर येतो तक्ता. डीओ, बीओडी, पीएच, कॉलिफॉर्म. ‘सध्या’ आणि ‘प्रकल्पानंतर’ असे दोन रकाने, दुसरा हिरवागार. अशाच एका सभेत मागच्या रांगेतल्या एका वयस्क भोयांनी हात वर केला आणि विचारलं, “साहेब, ह्यात वाम कुठंय?” साहेबांनी क्षणभर तक्त्याकडे पाहिलं आणि सांगितलं, “डावा काठ दुसऱ्या टप्प्यात घेतलाय.”

वाम हा मासा आहे. लांबुडका, सापासारखा, दिवसा दगडांच्या कपारीत आणि काठच्या मुळांत दडून राहणारा. म्हाताऱ्याचा प्रश्न साधा होता: तुमच्या हिरव्या रकान्यातल्या नदीत तो असणार की नाही? उत्तर त्या दिवशी मिळालं नाही. मिळणार तरी कसं? आपल्याकडे हा नदीच्या आरोग्याचा प्रश्न धरलाच जात नाही.

मग कोणता धरला जातो? समोरच्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा स्वच्छ शब्दांत मांडतो, म्हणजे अन्याय केला अशी तक्रार नको. ते म्हणतात: नदीचं आरोग्य म्हणजे पाण्याची गुणवत्ता. गुणवत्ता म्हणजे प्रयोगशाळेचा आकडा. आकडा मर्यादेत आला की नदी बरी झाली. मग काठ बांधून काढा, दिवे लावा, बाकडी टाका, लोकांना आणा. मासे-किडे मोजणं हा हौशी मंडळींचा रविवारचा उद्योग आहे. छानच आहे, शाळांच्या सहली न्याव्यात. पण धोरण भावनेवर चालत नाही, आकड्यांवर चालतं. आणि जीवसृष्टीच बघायची असेल तर बघा की, रोहित पक्षी आलेत, मासेही आहेत. आणखी काय पाहिजे?

हे मत फक्त सरकारी कचेरीतलं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. ते आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आहे, वर्तमानपत्रातल्या चौकटीत आहे, आणि नदीवर मनापासून प्रेम करणाऱ्या, दर रविवारी घाटावर कचरा वेचायला जाणाऱ्या माझ्या मित्रांच्या तोंडीही आहे. म्हणून ते मुळापासून तपासायला हवं.

सुरुवात त्यांच्याच पुस्तकापासून करू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या पाण्याचे पाच वर्ग पाडलेत, ‘ए’ ते ‘ई’. या वर्गवारीचा पायाच ‘सर्वोत्तम वापर’ हा आहे. वापर कुणाचा, हे विचारायचं नसतं. ‘ए’ म्हणजे फक्त निर्जंतुक करून पिता येईल असं पाणी, ‘बी’ म्हणजे उघड्यावर आंघोळीचं, ‘सी’ म्हणजे नीट शुद्ध करून पिण्याजोगं, ‘ई’ म्हणजे शेतीला आणि कारखान्यातली यंत्रं थंड करायला चालेल असं. मधला ‘डी’ वर्ग मात्र वन्यजीवांसाठी आणि माशांसाठी राखलाय. वाचून मन भरून येतं. मग त्या वर्गाच्या अटी बघाव्यात: पीएच 6.5 ते 8.5, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे 4 मिलिग्रॅम किंवा जास्त, मुक्त अमोनिया 1.2 मिलिग्रॅम किंवा कमी. संपलं. माशांच्या वर्गात मासा नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी बाकांची उंची मोजावी, फळ्याचा रंग लिहून घ्यावा, खिडक्या किती ते नोंदवावं आणि वर्गात मुलं आहेत का हे न बघताच ‘उत्तम’ असा शेरा मारून चहाला जावं, तसलाच हा प्रकार.

आकडे नकोत असं मी म्हणत नाही. ताप मोजायला थर्मामीटर लागतोच, आणि पाण्यात जंतू किती हे कळल्याशिवाय कुणी ते प्यावं असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. एवढं मी मान्य करतो, त्यापुढे नाही. ताप नाही एवढ्यावरून माणूस बरा म्हणायचा तर प्रेतालाही ताप नसतो.

बरं, या आकड्यांची बेरीज तरी कशी होते? आपल्या राज्यात नदीचा जो ‘जल गुणवत्ता निर्देशांक’ काढतात तो चार गोष्टींवर उभा आहे: पीएच, प्राणवायू, बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) आणि विष्ठाजन्य कॉलिफॉर्म. प्रत्येकाला वजन ठरलेलं, चौघांची मिळून गोळाबेरीज. आता आपल्या दख्खनच्या नद्यांचा पीएच बहुतेक वेळा सात ते साडेआठच्या आसपासच असतो. गटाराच्या पाण्याचाही साधारण तितकाच असतो. म्हणजे नदीला निव्वळ हजेरीचे गुण मिळतात. गणितात नापास झालेल्या मुलाला चित्रकलेने वर काढावं, तसं मग एक आकडा दुसऱ्याला हात देतो. कीटकनाशकं? जड धातू? औषधांचे अंश? ते या चौघांत नाहीत. पाणी वाहतंय की थांबलंय? तेही नाही. काठावर झाडं आहेत की काँक्रीट? विचारूच नका.

आता नमुन्याची बाटली कधी भरली जाते ते बघा. नमुना गोळा करणारा माणूस नोकरदार आहे, तो दिवसाउजेडी येतो, साधारण अकरा-बाराला. त्याचा काही दोष नाही. पण ज्या तलावात सांडपाण्यामुळे हिरव्यागार शैवालाची साय धरलीय, तिथे दुपारी प्राणवायू भरपूर असतो, कधी कधी पाण्यात मावेल त्याहून जास्त असतो, कारण ऊन असेपर्यंत ते शैवाल प्राणवायू सोडतच असतं. रात्री तेच शैवाल श्वास घेतं, तळातला कुजका गाळ आपला वाटा ओढतो, आणि पहाटेपर्यंत पाणी गुदमरतं. तलावातले मासे मेले की ते सकाळी फिरायला जाणाऱ्यांनाच का दिसतात, याचा कधी विचार केलाय? तळं पहाटे चारला मरतं आणि अकरा वाजता त्याच्या तब्येतीचा दाखला निघतो. दाखल्यातला आकडा अगदी खरा असतो, हे त्यातलं सर्वांत वाईट.

आणि बाटली म्हणजे एक क्षण. रात्री दोनला कुणी पुलावरून टँकर ओतला तर सकाळपर्यंत ते रसायन पुढच्या गावी पोचलेलं असतं. बाटली शुद्ध. नदीच्या तळाशी, दगडाखाली बसलेला किडा मात्र रात्रभर तिथेच होता. तो मेला. महिनोन् महिने त्याने त्याच दगडाखाली काढलेत, म्हणून गेल्या काही महिन्यांत काय काय घडलं याची साक्ष तो असण्या-नसण्यातून देतो. असा साक्षीदार पिंजऱ्यात उभा करायचा नाही आणि एका क्षणाच्या छायाचित्रावर निकाल द्यायचा, हा कुठला न्याय?

ज्या बीओडीच्या जिवावर एवढा कारभार चालतो, त्याची जन्मकथा थोडी सांगायला हवी. ती मोठी मजेदार आहे. ही चाचणी रूढ केली ब्रिटनच्या सांडपाण्यावरच्या शाही आयोगाने. 1898 साली नेमलेल्या या आयोगाचा गाजलेला अहवाल 1912 चा. नमुना पाच दिवस ठेवायचा. पाचच का? तर ब्रिटनमधली कुठलीही नदी उगमापासून समुद्रापर्यंत पोचायला पाच दिवसांहून जास्त घेत नाही, असं कारण पाठ्यपुस्तकं सांगतात. आपली भीमा 861 किलोमीटर वाहून कृष्णेला मिळते आणि कृष्णा तिथून पुढे बंगालच्या उपसागराला. आपल्याकडे हवामान बघून 27 अंशांवर तीन दिवसांची चाचणीही चालते, तो झाला घड्याळाचा फरक. पण त्याच अहवालातलं एक वाक्य आपण सोयीने विसरलो. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात बीओडी 20 आणि तरंगता गाळ 30 चालेल, असं आयोगाने म्हटलं होतं ते एका अटीवर: ते सामावून घ्यायला नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी हवं.

आता मुठेवरच्या खडकवासला धरणाच्या खाली जाऊन उभे राहा. पावसाळ्यातला विसर्ग सोडला तर मुठेत आठपट सोडा, एकपट तरी स्वतःचं पाणी असतं का? धरणाचं पाणी नळात जातं आणि कालव्यात जातं. नदीच्या पात्रात उरतं ते आपण वापरून परत केलेलं. थोडं शुद्ध केलेलं, बाकीचं तसंच. शुद्धीकरणासाठी 990 कोटींची योजना 2016 च्या जानेवारीत मंजूर झाली. 11 केंद्रं, दिवसाला 396 दशलक्ष लिटर. ती वेळेत झाली नाही हे दुःख वेगळं. पण समजा, उद्या सगळी केंद्रं नीट चालली, सगळं सांडपाणी नियमाप्रमाणे शुद्ध झालं, तरी मुठेतून वाहील ते शुद्ध केलेलं सांडपाणीच. त्याला नदी म्हणायचं असेल तर म्हणा. मला फक्त एवढं कळू द्या की तिच्या आरोग्याच्या तक्त्यात ‘नदीचं स्वतःचं पाणी किती’ असा एकही रकाना का नाही.

मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशात नद्यांचे 311 प्रदूषित पट्टे आहेत आणि त्यांतले सर्वाधिक, 55, महाराष्ट्रात. यावर आपल्याकडे दोन दिवस गहजब झाला. पण पट्टा प्रदूषित ठरवायची कसोटी एकच होती: बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर आहे का. म्हणजे जी नदी जानेवारीतच कोरडी पडते, जिच्यातली वाळू उपसून नेल्यावर खाली नुसता खडक उरतो, जिच्या पात्रात लोक क्रिकेट खेळतात, ती या यादीत नाही. कोरड्या नदीची बाटली भरत नाही, म्हणून ती नापासही होत नाही.

आता ‘मासे आहेत की’ या युक्तिवादाकडे येतो. आहेत ना! मुळा-मुठेच्या संगमाखाली, पुढे भीमेत आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात मासे चिक्कार आहेत. कोणते? चिलापी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला तिलापिया. आफ्रिकन मांगूर, जो पाळायला केंद्र सरकारने 2000 सालीच बंदी घातली आणि जो पाण्यातला प्राणवायू संपला तरी तोंड वर काढून हवा घेतो. गढूळ, कोंदट, सडक्या पाण्यात जगायलाच जे जन्माला आलेत त्यांच्या गर्दीकडे बोट दाखवून नदी निरोगी म्हणायचं, तर घरात झुरळं झाली म्हणून घर भरलेलं आहे असंही म्हणता येईल. प्रश्न मासे किती हा नसतो, मासे कोणते हा असतो. उजनीच्या काठच्या कुणाही भोयाला विचारा, तो जाळ्यातल्या माशांची नावं घेऊनच पाण्याची कुंडली मांडतो.

रोहित पक्ष्यांचंही तेच. ठाण्याच्या खाडीत रोहितांचे थवे उतरले की वर्तमानपत्रांत गुलाबी मथळे येतात: खाडी सुधारली! खाडी 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तिचं मोल मोठंच आहे आणि ती जपायलाच हवी. पण छोटा रोहित खातो काय? मुख्यतः निळं-हिरवं शैवाल. ते एवढं वाढतं कशावर? मुंबई-ठाणे-नवी मुंबईच्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर, असं खाडीचा अभ्यास करणारे कित्येक वर्षं सांगताहेत. रोहित आले म्हणजे खाडी ठणठणीत, हे म्हणणं घरासमोर गर्दी बघून घरात आनंदीआनंद आहे असं मानण्यासारखं आहे. गर्दी तेराव्यालाही होते.

पाणी नितळ म्हणजे नदी चांगली, हा आणखी एक लाडका समज. 2020 च्या टाळेबंदीत तो देशभर पसरला. पुलावरून तळ दिसतो म्हणून लोकांनी छायाचित्रं धाडली आणि नदीने स्वतःला बरं करून घेतलं म्हणून डोळे पुसले. जुलैतली मुळा तांबडी-काळी, गढूळ, फांद्या आणि माती घेऊन धावते. तेव्हा ती आजारी असते का? उलट, त्या गढूळ पाण्याची वाट बघत मासे चढणीला लागतात. भरपूर क्लोरीन टाकलेला पोहण्याचा तलावही नितळच असतो.

आणि ‘स्वच्छ’ म्हणजे एकच माप सगळ्या पाण्याला, हे मानायचं तर लोणारचं काय करता? लोणार सरोवराचं पाणी खारट, पीएच दहाच्या आसपास. मंडळाच्या कुठल्याही वर्गात ते बसत नाही. ‘डी’ वर्गाच्या चष्म्यातून पाहिलं तर ते मृत आहे. प्रत्यक्षात तिथले जीव जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात. 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं ते खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं. लोणारला धोका कशाचा? त्यात गोडं पाणी शिरून त्याचा खारटपणा उतरण्याचा. म्हणजे आपल्या तक्त्याप्रमाणे लोणार जसजसं ‘सुधारेल’ तसतसं ते मरेल. प्रत्येक पाणवठ्याला त्याचं स्वतःचं निरोगी रूप असतं आणि त्याच्याशीच त्याची तुलना करायची असते. ही साधी गोष्ट वैद्याला कळते. जन्मभर नाडी मंद असलेल्या पैलवानाला तो आजारी ठरवत नाही.

आता वळतो थेम्सकडे. सादरीकरणात ती येतेच, तर तिची हकिगत पुरी सांगू. 1957 साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने थेम्स जैविकदृष्ट्या मृत असल्याचं सांगितलं. शहरातल्या लांबच लांब पट्ट्यात माशांची वस्तीच उरली नव्हती. पुढे सांडपाण्याची केंद्रं सुधारली. मग ती बरी झाली हे लंडनने कशावरून ठरवलं? बाकड्यांवरून? दिव्यांवरून? ॲल्विन व्हीलर नावाचे तिथले मत्स्यतज्ज्ञ नदीकाठच्या वीजकेंद्रांकडे गेले. यंत्रं थंड करायला ही केंद्रं नदीचं पाणी ओढतात, आणि पाणी ओढताना जाळ्यांवर मासे अडकतात. ते मासे फेकू नका, आम्हाला द्या, एवढंच त्यांनी मागितलं. जाळीवर अडकलेल्या माशांची वर्षानुवर्षं यादी होत गेली. 1974 च्या नोव्हेंबरात वेस्ट थरॉकच्या वीजकेंद्राच्या जाळीवर एक सामन मासा सापडला, सुमारे 140 वर्षांतला पहिला. त्या एका माशाने जे सांगितलं ते हजार बाटल्यांनी सांगितलं नसतं. आणि आपण थेम्सचं काय उचललं? काठ.

साबरमतीचं तर बोलायलाच नको. अहमदाबादेत जे पाणी चमकतं ते नर्मदेच्या कालव्यातून आणून सोडलेलं, वासणा बंधाऱ्याने अडवून धरलेलं. बंधाऱ्याच्या खाली साबरमती कशी आहे ते त्या छायाचित्रांच्या चौकटीत कधी येत नाही.

खाऱ्या पाण्याची कथा वेगळी नाही. किनाऱ्यावरचं लाडकं वाक्य असं: समुद्र केवढा मोठा, त्यात सगळं विरून जातं. 1970 च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवं वेडीवाकडी होऊ लागली. शिंपले जाड, गोळ्यासारखे; पिल्लं जगेनात. पाणी दिसायला छान होतं. दोष निघाला होड्यांच्या बुडाला फासायच्या रंगात, त्यातल्या टीबीटी नावाच्या कथिलाच्या संयुगात. लिटरभर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांश, एवढ्याशा मात्रेत ते काम करत होतं. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना त्याने नराचे अवयव फुटत होते. नेहमीच्या चाचण्यांत ते कुठेच दिसलं नसतं. ते सांगितलं कालवांनी आणि गोगलगायींनी. फ्रान्सने 1982 साली लहान होड्यांवर त्या रंगाला मनाई केली. जगभरचा बंदीचा करार अमलात यायला 2008 उजाडलं. आपल्या कोकणात ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढायला खाडीत उतरणाऱ्या बायका आहेत. कुठल्या खाजणात तिसऱ्या बारीक झाल्या, कुठे मिळेनाशा झाल्या, कुठल्यांना रॉकेलचा वास येतो, हे त्या बोटावर सांगतात. त्यांना कुठल्या अहवालात कुणी एक ओळ दिलीय?

यावर शेवटचं हुकमी उत्तर येतं: हे सगळं खरं असेल, पण फार महाग, फार किचकट, आपल्याला परवडणारं नाही. धादांत खोटं. कोलक्विट्झ आणि मार्सन या दोन जर्मनांनी पाण्यातल्या जिवांवरून घाण मोजायची पद्धत 1908-09 साली मांडली. ब्रिटनने 1970 च्या दशकात तिचं सोपं रूप केलं: किड्यांच्या कुळांना दहा ते एक गुण, घाणीला सर्वांत नाजूक त्याला दहा, निगरगट्टाला एक, बेरीज करा. सामान काय लागतं? दांड्याची जाळी, पांढरा ट्रे, भिंग. आणि हे परदेशी खूळ म्हणावं तर केंद्रीय मंडळाने स्वतःच भारतासाठी जैविक गुणवत्तेचे निकष तयार केलेत, ‘ए’पासून ‘ई’पर्यंत वर्ग पाडून. म्हणजे ज्ञान आहे, नियम आहेत, माणसंही आहेत. फक्त सादरीकरणात रकाना नाही.

मी स्वतः हे करून पाहिलंय. मी काही शास्त्रज्ञ नाही. दिवाळीनंतर टेमघरच्या वरच्या अंगाला ओढ्यात उतरून एक दगड उलटला. खाली तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं, पोटाच्या दोन्ही बाजूंनी कल्ले फडफडवत दगडाला चिकटून. वाळूचे कण रेशमाने जोडून घर बांधून राहणारी कॅडिसफ्लाय. चपटे, नाण्यासारखे कीटक. दुसऱ्या दिवशी शहरात, संगमाच्या जरा वर, तसाच दगड उलटला. खाली काळा, अंड्याच्या वासाचा गाळ आणि त्यात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या. त्या लाल का असतात माहीत आहे? त्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, जवळजवळ प्राणवायूच नसलेल्या पाण्यातून उरलासुरला कण ओढून घ्यायला. दोन दगड, दोन सकाळी, खर्च बसच्या तिकिटाचा. याला किचकट म्हणता?

मग खरी अडचण काय आहे? अडचण अशी की जीव मोजायला लागलं की निकाल सोयीचा येत नाही. युरोपीय संघाने 2000 सालच्या कायद्याने ठरवलं की नदी-तलाव-किनारा निरोगी की नाही हे तिथले मासे, तळाचे किडे, पाणवनस्पती, सूक्ष्म शैवाल बघून ठरेल, आणि एकात नापास म्हणजे सगळ्यात नापास. चित्रकलेने गणित तरणार नाही. 2015 पर्यंत सगळं पाणी चांगल्या स्थितीत आणायचं होतं. मुदत वाढत 2027 पर्यंत गेली, आणि 2024 च्या अहवालात चांगल्या स्थितीतलं पाणी निघालं सुमारे 37 टक्के. लाज वाटावी असा आकडा आहे. पण लाज वाटायला आधी निकाल लागावा लागतो. आपला निकाल लागतच नाही. आपण पेपरच सोपा काढलाय.

‘आधी सांडपाणी तर थांबू दे, मासे-बिसे नंतर बघू,’ असंही समजूतदारपणे सांगितलं जातं. हे मला सर्वांत धोकादायक वाटतं, कारण दरम्यान कामं थांबलेली नाहीत. पुण्यातला नदीकाठ सुधार प्रकल्प सुमारे 44 किलोमीटरचा, 4,700 कोटींच्या वरचा. सांडपाणी यायचं थांबलेलं नाही, काठ मात्र बांधून निघताहेत. वाम कुठे राहतो हे वर सांगितलंय: कपारीत, मुळांत, उतरत्या काठाच्या सावलीत. तो काठ भराव घालून, दगड रचून सरळ केला, खळाळ सपाट केले, दोन बंधाऱ्यांमध्ये पाणी कोंडून त्याचा आरसा केला, तर उद्या त्या पाण्याचा बीओडी शून्य झाला तरी वाम परत येणार कुठे? घर पाडून झाल्यावर भाडेकरूला ‘आता पाणी चांगलं येतं, या राहायला’ म्हणायचं?

ही माहिती आपल्याकडे नव्हती असंही नाही. 1839 साली, म्हणजे बीओडीचा शोध लागायच्या किती तरी आधी, कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची यादी छापली. त्यातले कित्येक मासे त्याला याच मुळा-मुठेत मिळाले. भोयांकडून त्याने जी मराठी नावं ऐकली तीच त्याने लॅटिनात घातली: खुदरी, कोलस, फुलंगी, बोगट, शिंगाळा. जगातल्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत ती आजही तशीच आहेत. ‘टॉर खुदरी’ या महसीर माशाचं पहिलं वर्णन पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून केलेलं आहे. ज्या नदीने एका माशाला शास्त्रातलं नाव दिलं, त्या नदीच्या आरोग्याच्या तक्त्यात त्या माशाला जागा नाही. याहून अडाणीपणा तो काय असतो?

नदी म्हणजे पाणी नव्हे. पाणी टँकरमध्येही असतं. नदी म्हणजे वाहणं, काठ, गाळ, दगड आणि त्यांत राहणारे सगळे. ते निरोगी असतील तर नदी निरोगी. ते नसतील तर तुमचा हिरवा रकाना म्हणजे मयताच्या गालाला लावलेला रंग आहे.

तेव्हा नदीवरच्या प्रकल्पाच्या पुढच्या सुनावणीची नोटीस लागली की जरूर जा. अहवाल मागून घ्या, तो देणं त्यांना भाग आहे. पानं उलटून फक्त एवढंच शोधा की नदीत राहणाऱ्या एका तरी जिवाचं नाव त्यात आहे का. नसेल तर हरकतीच्या कागदावर लांबलचक काही लिहू नका. एक ओळ पुरे: “ह्यात वाम कुठं आहे?” आणि खाली कंसात लिहा, मासा.